लगतची गावे : आमच्या सामूहिक वनहक्काच्या दाव्याची हकिकत

सामूहिक वनसंसाधनावरील, म्हणजे गावाच्या पारंपरिक जंगलावरील, हक्काचा दावा ज्या नमुना 'क' मध्ये भरावा लागतो, त्यात फार रकाने नाहीत. गाव, तालुका, जिल्हा, ग्रामसभेच्या सदस्यांची यादी, जंगलाचा नकाशा, माहीत असल्यास वनखात्याचे कक्ष क्रमांक आणि पुराव्यांची यादी, एवढे आम्ही काही बैठकांत जमवले. एक रकाना मात्र रिकामा राहिला. त्यात लगतच्या गावांची नावे लिहायची होती आणि त्या गावांशी जंगलाचा वापर व जबाबदारी कशी वाटून घेतली आहे, हेही सांगायचे होते. नावे लिहायला एक मिनिट पुरले. पुढचा मजकूर लिहिण्याजोगा व्हायला पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांत आमचे गाव आपल्या जंगलाबद्दल जेवढे बोलले तेवढे माझ्या माहितीत त्याआधी कधी बोलले नव्हते.

आमचे गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात आहे. साठ-पासष्ट घरे, बहुतेक गोंड, काही घरे कुणब्यांची, दोन बुरडांची. शेजारच्या गावाशी झालेल्या वादाबद्दल मला मोकळेपणाने लिहायचे आहे आणि दोन्ही गावांत सोयरिकी आहेत, म्हणून कोणत्याच गावाचे नाव घेत नाही. मी या गावची सून. माझ्या सासूबाई माझ्या वडिलांच्या नात्यातल्या बहीण लागतात, त्यामुळे मी त्यांना आधीपासून आत्याच म्हणते. पदवीपर्यंत शिकलेली आणि मराठीत अर्ज लिहू शकणारी बाई म्हणून वनहक्क समितीच्या सचिवपदासाठी माझे नाव पुढे आले. जंगलाची माहिती म्हणाल तर त्या वेळी मला सरपणाची आणि मोहाची वाट सोडून दुसरी वाट ठाऊक नव्हती.

वनहक्क कायदा २००६ सालचा, त्याचे नियम १ जानेवारी २००८ चे. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला होता. मेंढा आणि मर्दा ही देशात असा हक्क मिळालेली पहिली गावे. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, ही बातमी आमच्याकडच्या प्रत्येक घरात पोहोचली होती. तरीही आमच्या गावाने आधी फक्त शेतजमिनीचे वैयक्तिक दावे केले. जंगल सगळ्यांचेच आहे, त्याचा दावा काय करायचा, असे बहुतेकांना वाटत होते. शिवाय गावात संयुक्त वन व्यवस्थापनाची समिती होतीच. तिचा सचिव वनखात्याचा कर्मचारी असे, वही त्याच्याकडे असे आणि बैठक त्याने बोलावली की होई. जंगल राखायची समिती म्हणजे दुसऱ्याने बोलावल्यावर जाऊन बसायची जागा, एवढीच ओळख लोकांच्या मनात उरली होती.

६ सप्टेंबर २०१२ च्या सुधारित नियमांनंतर गावोगाव पुन्हा चर्चा सुरू झाली. आमच्या गावातले अकरा जण मेंढ्याला जाऊन आले, त्यांत मीही होते. तिथल्या ग्रामसभेचे नेते देवाजी तोफा यांनी आम्हाला जंगल दाखवण्याआधी बैठकीची जागा दाखवली. निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमती होईपर्यंत बैठक पुन्हा पुन्हा होते, हे त्यांनी सांगितले. परतीच्या वाटेवर आमच्यातले काही जण म्हणाले की एवढा वेळ कोणाकडे आहे. मलाही तसेच वाटले होते.

पहिली अडचण गणपूर्तीची आली. या कायद्याखालच्या ग्रामसभेला एकूण सदस्यांपैकी निम्मे हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया लागतात. दोन वेळा सभा मोडली. कारण साधे होते. सभा सकाळी दहाला बोलावली जाई आणि त्या वेळी बायका शेतात किंवा रानात असत. तिसऱ्या खेपेला सभा रात्री जेवणानंतर गोटुलाच्या, म्हणजे गोंडांच्या सामुदायिक घराच्या, अंगणात घेतली आणि गणपूर्ती सहज झाली. त्याच सभेत पंधरा जणांची वनहक्क समिती निवडली, त्यांत सहा स्त्रिया होत्या. तेव्हापासून आमच्याकडे जंगलाविषयीची कोणतीही सभा दिवसा होत नाही.

पुरावे गोळा करण्याचे काम मला सगळ्यात आवडले. नियमाप्रमाणे किमान दोन प्रकारचे पुरावे लागतात. जमीनदाऱ्या आणि मालगुजाऱ्या १९५१ मध्ये संपल्यावर आमच्या भागात गावोगाव निस्तारपत्रके तयार झाली होती. गावाने सरपण, इमारती लाकूड, बांबू, चराई कोठून घ्यायची याची त्यात नोंद असते. आमच्या गावाचे निस्तारपत्रक तहसिलातल्या जुन्या दप्तरात असल्याचे कळले, पण नक्कल मिळायला पाच खेपा झाल्या. दुसरा पुरावा वृद्धांच्या जबान्यांचा. गावचे भूमिया, म्हणजे गावाचे देवकार्य पाहणारे प्रमुख, आणि आणखी चार वृद्ध रोज संध्याकाळी आमच्या पडवीत येऊन बसत आणि मी लिहून घेत असे. कोणत्या टेकडीवर कोणत्या पेनाचे (गोंडांच्या देवाचे) ठाणे आहे, कोणत्या नाल्याजवळ जुने गाव वसलेले होते आणि रोगाच्या साथीत ते का उठले, पूर्वजांच्या नावाने उभे केलेले दगड कोठे आहेत, गुरांना पाण्यावर न्यायची वाट कोणती, हे सगळे त्यांत आले. आत्या आतल्या खोलीतून ऐकत असत. एका संध्याकाळी त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ''हे सगळं पुरुषांनी पाहिलेलं रान झालं. रानातले कंद खणायला आम्ही कुठं जातो, ते कोण लिहील?'' त्यानंतर तीन संध्याकाळी फक्त बायकांच्या झाल्या. कोणते कंद कोणत्या उतारावर मिळतात, पावसाळ्यात वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) कोठून आणतात, कोणत्या झाडाचा डिंक कोण काढते, चारोळी पिकण्याआधीच का तोडली जाते, अशा नोंदींनी माझी वही भरली. आमच्या दाव्यातल्या नकाशावर बायकांनी सांगितलेल्या सतरा जागा आहेत. त्यांतल्या बहुतेक पुरुषांना माहीत नव्हत्या.

मग हद्द फिरायची वेळ आली. वनखात्याच्या नकाशात कक्ष असतात, त्यांच्या रेषा नाले आणि कड्यांवरून जातात. गावाची पारंपरिक शीव वेगळीच असते आणि ती एखादे झाड, देवाचा दगड, पाण्याचा डोह अशा खुणांनी लक्षात ठेवलेली असते. एका सामाजिक संस्थेच्या दोन कार्यकर्त्यांनी जीपीएस यंत्र आणले होते. आम्ही वीस-पंचवीस जण शिधा बांधून निघालो आणि तीन दिवस फिरलो. भूमिया प्रत्येक खुणेपाशी थांबत, मोहाच्या दारूचे दोन थेंब जमिनीवर सोडत, मग कार्यकर्ता यंत्रातला अंक वाचे आणि मी वहीत लिहून घेई. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही उत्तरेकडच्या नाल्यापाशी पोहोचलो. भूमियांनी नाल्यापलीकडचा एक वठलेला बेहडा दाखवून शीव तिथपर्यंत असल्याचे सांगितले. पलीकडे शेजारच्या गावातली काही माणसे बांबू तोडत होती. त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि त्यांतला एक जण, जो माझ्या नणंदेचा सख्खा दीर, शांतपणे म्हणाला की शीव नाल्याने जाते आणि बेहडा आमचा आहे.

त्या दिवशी भांडण झाले नाही. पण रात्री गावात फार कडवट बोलणे झाले. वाद असलेला पट्टा नाल्यापलीकडचा, चाळीस-पंचेचाळीस हेक्टरांचा. त्यात बांबू दाट आहे आणि मोहाची शंभरावर जुनी झाडे आहेत. दोन्ही गावे तो पट्टा पिढ्यान्‌पिढ्या वापरत आली होती आणि कोणाचा, असे कोणी कधी विचारले नव्हते. विचारण्याची गरज आमच्या नमुन्याने निर्माण केली. आमच्यातल्या तरुणांचे म्हणणे होते की आपण पट्टा आपल्या नकाशात दाखवून दावा आधी दाखल करावा, नंतर काय व्हायचे ते होईल. त्या वेळी मीही त्यांच्या बाजूची होते, कारण माझे कागद तयार होते आणि उशीर मला सहन होत नव्हता. आज मला त्या भूमिकेची खंत वाटते. तसे केले असते तर दोन गावांचे वैर कागदोपत्री कायम झाले असते.

नियम मुळात स्पष्ट आहे. दोन गावांच्या पारंपरिक हद्दींबद्दल परस्परविरोधी दावे असतील किंवा एकच जंगल दोन ग्रामसभा वापरत असतील, तर दोन्ही वनहक्क समित्यांनी एकत्र बसून वापराचे स्वरूप तपासावे आणि निष्कर्ष आपापल्या ग्रामसभेला लेखी द्यावा. तिथे तोडगा निघाला नाही तरच प्रकरण उपविभागीय समितीकडे जाते. आमच्या भूमियांना नियम वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले की असे असेल तर मग आपण पाहुण्यांसारखे जाऊ. त्यांनी निरोप पाठवला, आणि आमची समिती शेजारच्या गावी एका रविवारी जेवायला गेली. पहिल्या दिवशी जंगलाचा विषय निघालाच नाही. दुसऱ्या बैठकीत तो निघाला आणि बैठक मोडली. तिसरी आमच्या गावात झाली. एकूण सात बैठका झाल्या. मध्ये पेरण्या आल्या, एका मयतीमुळे महिनाभर कोणी कोणाकडे गेले नाही, आणि एकदा आमच्या बाजूच्या दोघांनी रात्री वादाच्या पट्ट्यातला बांबू तोडून आणला, त्यामुळे सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले. त्या दोघांना आमच्या ग्रामसभेने दंड केला आणि दंडाचे पैसे शेजारच्या गावाला नेऊन दिले. माझ्या मते तोडगा त्या दिवशी सुरू झाला.

वाट मोकळी केली ती बायकांनी. सहाव्या बैठकीत दोन्ही गावांच्या बायका एका बाजूला बसल्या आणि त्यांनी मोहाची झाडे मोजायला सुरुवात केली. कोणत्या झाडाखाली कोणत्या घरची टोपली असते, हे त्यांना तोंडपाठ होते. झाडे घरांमध्ये आधीच वाटलेली होती आणि त्या वाटणीत गावाची शीव कोठेच येत नव्हती. नाल्यापलीकडच्या कित्येक झाडांखाली आमच्या बायका वेचत आणि नाल्याअलीकडच्या काही झाडांखाली त्यांच्या. हे पाहिल्यावर पुरुषांनी पट्ट्याच्या मालकीवर बोलणे सोडले. सातव्या बैठकीत ठरले की तो पट्टा दोन्ही गावांच्या दाव्यांत 'सामायिक वापराचे क्षेत्र' म्हणून दाखवावा, मोह ज्या घराचा आहे त्या घराचाच राहावा, बांबू दोन्ही ग्रामसभांच्या संमतीखेरीज कोणी विकण्यासाठी तोडू नये आणि आगीची राखण दोघांनी मिळून करावी. हा मजकूर मी दोन प्रतींत लिहिला, दोन्ही समित्यांनी सह्या व अंगठे केले, आणि नमुना 'क' मधला तो रिकामा रकाना भरला.

यापुढचा सरकारी प्रवास बहुतेक गावांच्या वाट्याला येतो तसाच होता, म्हणून थोडक्यात सांगते. जागेवरच्या पडताळणीला महसूल आणि वन या दोन्ही खात्यांच्या प्रतिनिधींनी हजर राहून सही करायची असते. आम्ही लेखी सूचना दिली. एका खात्याचे कोणीच आले नाही. पुढे त्याच कारणावरून दावा परत आला. सुधारित नियमांतला नियम १२-क आम्हाला तेव्हा उपयोगी पडला. प्रतिनिधी गैरहजर होते म्हणून आक्षेप आला तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे परत येतो, आणि दुसऱ्या वेळीही ते आले नाहीत तर पडताळणीबाबतचा ग्रामसभेचा निर्णय अंतिम मानला जातो. हे वाक्य सूचनापत्रातच लिहून पाठवल्यावर दुसऱ्या खेपेला सगळे आले. तरुण वनरक्षक आमच्याबरोबर दिवसभर चालला आणि त्याने आमच्या नकाशातली एक चूक दाखवली, ती आम्ही दुरुस्त केली. उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती, आणि दावा दाखल केल्यापासून दीड वर्षाने जिल्हाधिकारी, उपवनसंरक्षक आणि आदिवासी विकासाचे अधिकारी यांच्या सह्यांचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, हाती आला. सव्वासहाशे हेक्टरांच्या आसपास. भूमियांनी तो पेनाच्या ठाण्यासमोर ठेवला आणि मग आमच्या पेटीत.

लोक समजतात की प्रक्रिया इथे संपते. आमची खरी परीक्षा इथून पुढे झाली, आणि पहिल्या वर्षी आम्ही तीत नापास झालो, हे मला स्पष्ट लिहायला हवे.

बांबू आणि तेंदू हे दोन्ही या कायद्याने गौण वनोपज ठरतात, म्हणून ते विकण्याचा हक्क ग्रामसभेला मिळाला. ग्रामसभेने बँकेत खाते उघडले, पॅन क्रमांक काढला, जाहिरात देऊन निविदा मागवल्या आणि एका व्यापाऱ्याला बांबू दिला. भाव चांगला मिळाला. मजुरीही रोजच्या रोज मिळू लागल्याने गाव झाडून कामाला लागले आणि बांबू तोडायचा कसा याचा कोणी विचार केला नाही. आमच्याकडचा मानवेल जातीचा बांबू रांजीने, म्हणजे बेटाने, वाढतो. पावसाळ्यात रांजीच्या बाहेरच्या कडेला नवे वास्ते फुटतात, त्याच एका हंगामात ते पूर्ण उंची गाठतात, पण टणक व्हायला पुढची दोन-तीन वर्षे लागतात. जुने बांबू आत असतात, कोवळे बाहेर. बाहेरचे तोडायला सोपे असतात. त्या वर्षी आम्ही सोपे ते तोडले. काही रांज्या पूर्ण साफ केल्या, काहींचे बुंधे कमरेएवढे उंच ठेवले. पुढच्या पावसाळ्यात आत्या वास्ते आणायला गेल्या आणि अर्धी टोपली घेऊन परतल्या. त्यांनी ती टोपली तशीच नेऊन गोटुलात ठेवली. त्या रात्रीची सभा पहाटेपर्यंत चालली.

पूर्वी कागद कारखान्यासाठी बाहेरून मजूर येऊन आमच्याच रांज्या अशा तोडत, तेव्हा गावाने किती संताप केला होता, हे वृद्धांनी त्या सभेत बोलून दाखवले. ते ऐकणे कठीण होते. आम्ही नियम केले. एक वर्षाच्या आतला बांबू तोडायचा नाही. प्रत्येक रांजीत किमान आठ पक्के बांबू उभे ठेवायचे, म्हणजे कोवळ्यांना आधार राहतो. तोड जमिनीलगत पहिल्या पेराच्या वर घ्यायची. पावसाळा आणि त्यानंतरचा महिना तोड पूर्ण बंद. जंगलाचे चार भाग करून दरवर्षी एकाच भागात तोड करायची, आणि ज्या भागाची पाळी आहे तिथल्या रांज्या आधी मोजायच्या. यातले बरेचसे वनखात्याच्या कार्य आयोजनेतही असते, हे आम्हाला नंतर कळले. उभे राहून मोजल्यावर त्यामागचे कारण पटले, म्हणून हे नियम आता पाळले जातात. दुसऱ्या वर्षी उत्पन्न निम्म्याहून खाली आले. तीन घरांनी उघड नाराजी व्यक्त केली आणि त्यांची नाराजी अवाजवी नव्हती. त्यांनी मुलांच्या शिक्षणाचा खर्च पहिल्या वर्षाच्या हिशेबाने ठरवला होता.

नियमांचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, हे मला त्याच काळात समजले, आणि समित्यांना प्रशिक्षण देणाऱ्यांनी या गोष्टीवर अधिक बोलायला हवे असे मला वाटते. गावातली दोन बुरडांची घरे टोपल्या, सुपे, ताटवे विणून जगतात. विणकामाला त्यांना कोवळाच बांबू लागतो, कारण पक्का चिरला जात नाही. आमच्या पहिल्या नियमाने त्यांचा धंदाच बंद केला होता आणि सभेत ते गप्प बसले होते. चार महिन्यांनी त्यांतल्या एका काकांनी मला घरी येऊन विचारले की आम्ही आता काय करायचे. मला उत्तर देता आले नाही. पुढच्या सभेत नियम बदलला. दोन्ही घरांना दर महिन्याला ठरावीक संख्येने कोवळा बांबू, दाट रांज्यांतून, समितीच्या एका सदस्यासमोर तोडून द्यायचा. डोक्यावर मोळ्या नेऊन बाजारात विकणाऱ्या चार बायकांचा प्रश्न असाच होता. ओले लाकूड तोडण्यावर बंदी आली तेव्हा त्यांचे काम थांबले. त्यांना गस्तीच्या आणि जाळरेषेच्या (आग पसरू नये म्हणून साफ करायच्या पट्ट्याच्या) मजुरीत पहिला हक्क द्यायचे ठरले. तोही पुरता तोडगा नाही. मजुरी वर्षातून काही आठवडेच असते, आणि त्यांतली एक बाई अजूनही मोळी विकते. समितीने तिला दंड केलेला नाही आणि करू नये असेच माझे मत आहे.

आगीचा प्रश्न सगळ्यात जुना. मार्चमध्ये मोह पडू लागतो, फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, आणि ती आग वाऱ्याने पसरत जाते. तेंदूचेही तसेच. नवी कोवळी पाने यावीत म्हणून हंगामाआधी खुंट कापतात आणि काही ठिकाणी आग लावतात. आगीत साग तगून जातो, पण ऐन, बीजा आणि चार (चारोळीचे झाड) यांची लहान रोपे जळतात आणि बियांतून उगवलेले जंगल वयात येतच नाही. आम्ही नमुना म्हणून दहा मीटर लांबी-रुंदीचे चौकोन आखून झाडे मोजली तेव्हा हे आकड्यांत दिसले. मोठी चाराची झाडे होती, गुडघ्याएवढी रोपे होती, पण मधल्या उंचीचे एकही झाड आम्हाला तीस चौकोनांत सापडले नाही. मोजणीत शाळेची मुले होती आणि झाडांची नावे आजीबाई गोंडीत सांगत होत्या. चाराचे मधले वय रानातून नाहीसे झाले आहे, हे एका नववीतल्या मुलीच्या लक्षात पहिल्यांदा आले.

मोहाखाली जाळण्याऐवजी झाडून घ्यायचे, असा नियम झाला. प्रत्येक झाड एका घराचे असल्याने जबाबदारी ठरवणे सोपे होते. नाल्यापलीकडच्या पट्ट्यातही तो लागू झाला. तेंदूबद्दल मात्र आमचे एकमत होण्यास तीन सभा लागल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तेंदू तोडायचाच नाही असा निर्णय घेतलेला आम्हाला माहीत होता. आगी आणि छाटणीने जंगलाचे नुकसान होते, हे त्यामागचे कारण. मला तो निर्णय थोर वाटतो. पण आमच्याकडे उन्हाळ्याच्या त्या दोन आठवड्यांत, सत्तर पानांचा एक असे पुडे बांधून फडावर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, नेण्यात, म्हातारी माणसे आणि मुलेदेखील कमावतात आणि पावसाळ्याचे बियाणे त्याच पैशातून येते. पाचगावला बांबूने जो आधार दिला, तो आमच्या निम्म्यावर आलेल्या बांबूने अजून दिलेला नव्हता. शेवटी ठरले की तेंदू तोडायचा, खुंटकटाई हाताने करायची, आग लावायची नाही, आणि ज्या व्यापाऱ्याशी करार होईल त्याच्या माणसांनी आग लावल्यास अनामत जप्त करण्याची अट करारात घालायची. ती अट पहिल्यांदा वाचून एक व्यापारी उठून गेला. दुसरा थांबला.

जाळरेषा आम्ही फेब्रुवारीत काढतो. गस्तीच्या पाळ्या घरटी लावलेल्या आहेत, दर दिवशी चौघे, आणि त्यांत किमान एक बाई असते. पहिल्या वर्षी तीन वेळा आग लागली, त्यांतली एक आमच्याच गावातल्या माणसाने टाकलेल्या बिडीने. त्याने सभेत उभे राहून कबूल केले. गेल्या हंगामात एकदाच लागली आणि ती सामायिक पट्ट्याच्या पलीकडून आली. रात्री अकराला शेजारच्या गावातून फोन आला. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांची माणसे हिरव्या फांद्यांनी आग झोडपत होती, आणि माझ्या नणंदेचा तो दीर सगळ्यांत पुढे होता. पहाटे चारच्या सुमारास आग नाल्याशी थांबली.

वठलेला बेहडा त्या आगीत पडला. दोन्ही गावांच्या कागदांत त्याचा उल्लेख खूण म्हणून असल्याने आता तिथे काय लिहायचे, हा प्रश्न आला. संयुक्त बैठकीत ठरले की त्याच जागी दोन्ही गावांच्या भूमियांनी मिळून एक दगड रोवावा आणि शेजारी बेहड्याचेच रोप लावावे. रोप आमच्या परसातून दिले. आत्यांचे गुडघे आता चालू देत नाहीत, त्यामुळे त्या तिथे येऊ शकल्या नाहीत, पण रोप किती खोल लावायचे आणि गुरांपासून राखायला कोणत्या काट्यांचे कुंपण करायचे, हे त्यांनी दोनदा सांगून पाठवले.

येत्या फेब्रुवारीत सामायिक पट्ट्याची जाळरेषा काढायची पाळी शेजारच्या गावाची आहे. त्यांचे बरेच तरुण मिरचीतोडणीसाठी तेलंगणात गेले आहेत आणि माणसे पुरणार नाहीत, असा निरोप त्यांच्या समितीकडून आला. गेल्या सोमवारच्या रात्रीच्या सभेत आम्ही ठरवले की या वर्षी त्यांच्या बाजूची रेषा आम्ही काढू आणि पुढच्या वर्षी आमची ते काढतील. ठराव मी दोन प्रतींत लिहिला आहे. उद्या एक प्रत घेऊन मी तिकडे जाणार आहे.